नंबर तीनची डावी कड

५ जानेवारी २०२५, रविवार

माझ्या हातानं केलेल्या वस्तू, आजपर्यंत:

लेथ एक, साडेतीन फुटी. लोखंड भंगारातलं, मोटर पिठाच्या गिरणीची, अर्धा हॉर्सपॉवर. आटे पाडायची कंगव्यासारखी हत्यारं अकरा, सगळी जुन्या कानशी घासून केलेली. टोपणाची क्लिप दाबायचा डाय एक. त्याआधीचा फुटला, तो मी धरत नाही. घराचं पुढचं दार, बिजागऱ्यांसकट. बायको गिरिजाच्या शिलाई मशीनचं पायडल. विहिरीवरच्या मोटारींचे बुश किती केले ते मोजलेले नाहीत, ते पोटाचं काम. आणि शाईचे पेन दोनशे बारा, सगळे एबोनाईटचे, म्हणजे कडक काळ्या रबराचे. निब तेवढी बाहेरून आणतो. ती घरी कोणी करत नाही, आणि करतो म्हणणारा खोटं बोलतो. पण आलेली निब मी तशीच बसवत नाही. भिंगाखाली धरून माझ्या पद्धतीनं घासतो. डावी कड धारेला, उजवी गोल. त्यानं शिरोरेषा सुरीनं कापल्यासारखी येते. ही पद्धत माझी स्वतःची आहे.

शिक्षण आठवी. गुरू नाही. आमच्या घरात माझ्याआधी मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्रीशिवाय कोणी हत्यार धरलेलं नाही.

ही यादी लिहायचं कारण म्हणजे काल संभाजीनगरहून एक पोरगा आला होता, सुमित नावाचा. इंजिनियर आहे, पेन जमवतो. दोन पेन घेतले, किमतीत घासाघीस केली नाही. मग म्हणाला, "काका, तुमचे पहिले पेन दाखवा ना. सुरुवातीचे."

मी सवयीनं खण उघडला. खणात नंबर एकशे नव्व्याण्णवच्या आधीचं काही नाही.

"विकले," मी म्हटलं.

"एकपण नाही ठेवला? अरेरे."

अरेरे कशाचं? पेन मी विकायला करतो. खणात पडलेला पेन म्हणजे काळी काडी. मला काडीचं वाईट वाटलं नाही, आणि तसं लेखी असावं म्हणून ही वही आणली.

८ जानेवारी

सहज जुनं रजिस्टर काढलं. प्रत्येक पेनाची नोंद आहे: व्यास, लांबी, टोपण किती फेऱ्यांत बसतं, कुणाला दिला, कशाच्या बदल्यात. पहिले सात पेन मी बहुतेक वस्तूंच्या बदल्यात दिलेत. नंबर एक देऊन लेथचा तीन जबड्यांचा चक घेतला. नंबर दोन देऊन एबोनाईटच्या चार सळया. तेव्हा ते बरोबरच होतं.

नंबर तीनपाशी थांबलो. २००९, फेब्रुवारी. ह्याच पेनात आटे पहिल्यांदा चुकले नाहीत. टोपण सव्वा फेरीत बसायचं आणि बसताना हाताला फक्त कळायचं, आवाज नाही. त्यानंतरचे दोनशे नऊ पेन मी त्याच्यासारखे करायला गेलोय. काही त्याच्याहून चांगले झालेत. पण तो पहिला.

ठरवलं की पहिल्या सात पेनांची मोफत सर्व्हिसिंग करायची, मालकाच्या घरी जाऊन. कारागिरानं आपल्या मालाची चौकशी ठेवावी. परत घेण्याचा प्रश्नच नाही.

गिरिजानं पिशवी बघितली. "सर्व्हिसिंगला चाललात तर नवे सात पेन कशाला घेतलेत?"

"कुणाला बदलून पाहिजे असला तर."

"हं," म्हणाली आणि भाकरी उलटली.

११ जानेवारी, शनिवार

जालन्याच्या वर्कशॉपवाल्याला चक आठवतो, पेन आठवत नाही. "होता का पेन?" म्हणे. निघालो.

तिथून केदारखेड्याला. नंबर पाच काकासाहेबांकडे आहे, रिटायर ग्रामसेवक. पेन त्यांनी शोकेसमधून काढला, नातवाच्या कबड्डीच्या ढालीशेजारून. मूळच्या प्लास्टिकमध्ये. चौदा वर्षांत शाई भरलेली नाही.

"एवढा भारी पेन. वापरून खराब करू का?" काकासाहेब म्हणाले.

मी म्हटलं, "काकासाहेब, हा वापरून खराब होत न्हाई, ठेवून होतो. एक काम करा, हा नवीन घ्या, हाबी ठेवायचाच हाय तुम्हाला. तो जुना द्या मला."

"न्हाई न्हाई. ह्यो शोभून राह्यला तिथं. पोरांना सांगतो मी, हा तीर्थपुरीच्या कडूबानं स्वतःच्या हातानं केला."

चहा घेतला. येताना भोकरदनकडून आलेल्या गाडीत उभ्यानं जालन्यापर्यंत, तिथून घनसावंगीची बस, पुढं जीप. एकूण पाच तास दहा मिनिटं.

१६ जानेवारी, गुरुवार

घनसावंगीला गेलो. नंबर तीन पाशामियाँकडे आहे. ते नायब काझी आहेत, वय एकाहत्तर. मंडळातले निकाह तेच पढवतात आणि निकाहनामे हातानं लिहितात, उर्दूत. सोळा वर्षांपूर्वी त्यांनी पेन मागितला तेव्हा मला वर्कशॉपच्या पत्र्यासाठी पैसे पाहिजे होते. पत्रा अजून आहे.

पाशामियाँ घरी नव्हते, बाहेरगावी मयतीला गेलेले. त्यांच्या बेगम कमरबी आपा होत्या. त्या उर्दू शाळेत शिकवायच्या, आता रिटायर आहेत. मी आलो कशाला ते सांगितलं. त्यांनी आतून पेन आणला, मखमलीच्या बटव्यात.

हातात घेतला. रंग काळ्याचा जरा तपकिरी झालाय, एबोनाईट उन्हानं तसं होतं. पकडायच्या जागी बोटांचा खळगा पडलाय, अंगठ्याचा आणि पहिल्या बोटाचा. टोपण फिरवलं. सव्वा फेरी. आवाज नाही. मी ते काही वेळा फिरवून बघितलं, चाचणी म्हणून.

"कितीदा बंद करता," आपा म्हणाल्या. "चहा गार होऊन राह्यलाय."

मग भिंग लावलं. निबची डावी कड पार गोल झालेली. मी धारेला लावलेली कड, तिचा पत्ताच नाही. ही निब मी चांगली ओळखतो. आता तसली मिळतही नाही, ती कंपनी बंद पडली आणि आजची निब तिच्याखालच्या त्या जुन्या जिभेवर बसत नाही. म्हणजे आहे तीच वाचवायला पाहिजे.

काचेचा तुकडा, दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर, थेंबभर पाणी. सगळं सोबत होतं.

आपा म्हणाल्या, "कडूबाभाऊ, त्यांना इचारून करा. त्यांच्या हातातला हाय."

"आपा, बनवला मी," मी म्हटलं. "मी कुणाला इचारायचं?"

अकरा मिनिटांत कड जशीच्या तशी आणली. माझं नाव लिहून बघितलं. शिरोरेषा कापल्यासारखी. सोळा वर्षांपूर्वीचा नंबर तीन, तोच. आपांनी कागद बघितला आणि कपबशा उचलल्या. नवे पेन मी पिशवीतून काढलेही नाहीत. हे इथं लिहून ठेवतो, म्हणजे गिरिजाला दाखवता येईल.

२७ जानेवारी, सोमवार

शेजारच्या दुकानातला अकिब, मोटर रिवाइंडिंगवाला, सकाळपासून बिथरलेला. काल त्याच्या बहिणीचा, साजियाचा निकाह होता. पाशामियाँ निकाहनामा लिहायला बसले, तर नवरीच्या नावावरच कागद फाटला आणि शाई उडाली. दुसरा फॉर्म काढला. त्याच्यावर मेहेरच्या, म्हणजे नवऱ्यानं नवरीला कबूल केलेल्या रकमेपाशी पुन्हा तेच. शेवटी त्यांचा पुतण्या हारुन यानं बॉलपेननं लिहिला.

"दुल्हेवाले हसून राह्यले ना," अकिब म्हणाला. "चाचाचा हात थरथर करतो आता. वय झालं. हारुनला द्यायला पाहिजे बिलकुल."

चहाच्या टपरीवर सगळे तेच बोलत होते. मी पण म्हटलं की हो, मी परवाच पेन बघितला, पकड बिघडलीय, बोटांच्या जागी एवढा खळगा पडलाय म्हणजे दाबून धरत असणार. पेनाचा काही प्रश्न नाही, पेन मी स्वतः तपासलाय. माझं म्हणणं सगळ्यांनी ऐकून घेतलं, कारण या विषयात इथं दुसरा जाणकार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पाशामियाँ स्वतः दुकानात आले, जीपनं. बरोबर कोणी नाही. स्टुलावर बसले, खिशातून बटवा काढला.

"कडूबा, ह्याला काय झालं बघ."

मी कागद पुढं केला. त्यांनी लिहिलं, उर्दूत, एक ओळ. तिसऱ्या शब्दाला निब रुतली, कर्र झालं, शाईचे थेंब उडाले. त्यांनी पेन खाली ठेवला.

मी तोच पेन उचलला, त्याच कागदावर, त्यांच्या ओळीखाली, लिहिलं: कडूबा, मु. पो. तीर्थपुरी, ता. घनसावंगी, जि. जालना. लोण्यासारखा.

"बघा," मी म्हटलं. "पेन बराबर हाय."

त्यांनी माझ्या ओळीकडे बघितलं, मग स्वतःचा उजवा हात टेबलावर पालथा ठेवून त्याच्याकडे बघितलं. हात थरथरत नव्हता. पण ते काही मी मोजलं नाही.

"मंग हातच गेला असंल," ते म्हणाले. "लोकं म्हणून राह्यले ते खरं असंल. हारुनला निकाहचं रजिस्टर देऊन टाकतो रमजानच्या आधी."

मी म्हटलं, पेन ठेवून जा, बघतो अजून काही करता येतं का.

"बघ. न्हाई जमलं तर राहू दे तुझ्यापाशीच. मला आता कशाला?"

मी त्यांना जीपपर्यंत सोडलं. आता नंबर तीन घरी आहे. ही नोंद त्याच पेनानं लिहितोय. छापल्यासारखं वळण येतं. गिरिजा म्हणाली, आज जेवताना तुम्ही दोनदा हसलात. हसलो असेन.

४ फेब्रुवारी

काम पुरं करायचं म्हणून नंबर तीन उघडून धुतला. भिंगाखाली निबच्या डाव्या कडेला कागदाची लव अडकलेली दिसली, भरपूर. चिमट्यानं काढली. माझ्या पेनांत लव डाव्या कडेला कधी अडकत नाही. अडकली तर फटीत, मध्यभागी. हे विचित्र आहे. पाशामियाँ पेन वाकडा धरतात एवढाच त्याचा अर्थ.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज उजवीकडून डावीकडे रेघ ओढली. कागद फाटला.

८ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस लिहिलं नाही. बुशांची कामं होती.

मी केलेलं काम तंतोतंत बरोबर होतं. डावीकडून उजवीकडे जाताना डावी कड मागून ओढली जाते, म्हणून ती धारेला लावली तरी चालते, उलट रेघ स्वच्छ येते. ती पद्धत दोनशे बारा पेनांवर सिद्ध झालेली आहे. उजवीकडून लिहिणाऱ्याला तीच कड पुढं येते आणि नांगरासारखी घुसते. यात माझी पद्धत चूक ठरत नाही. पेन कोणाचा आहे ते चुकलं.

आणि मी दिला तेव्हाही ती कड धारेलाच होती. म्हणजे पाशामियाँनी सुरुवातीला त्रास काढला असणार. किती महिने, का वर्षं, विचारलेलं नाही. तक्रार घेऊन ते कधी आले नाहीत. लिहून लिहून त्यांनी ती कड गोल केली. ती झीज नव्हती. ते त्यांचं काम होतं, आणि मी ते अकरा मिनिटांत पुसलं, वर टपरीवर जाऊन त्यांची पकड बिघडली म्हणून सांगितलं. माझ्या शब्दाला किंमत असल्यामुळं ते लोकांनी मानलं.

आता दोन गोष्टी. एक, निबच्या टोकावरचा दाणा उरलाय अर्ध्या मिलिमीटरला थोडा कमी. पुन्हा घासायचं तर जास्तीत जास्त एकदा. चुकलं तर निब कायमची गेली. दोन, मी नुसतं सांगितलं की निबचं आयुष्य संपलं, तर कोणी तपासणार नाही. तालुक्यात असलं भिंग माझ्याकडंच आहे. पेन माझ्याकडं राहील. ते स्वतःच म्हणालेत. हारुन बॉलपेननं लिहील, त्याचं अक्षर वाईट नाही असं म्हणतात. पाशामियाँना आरामच होईल. एकाहत्तर म्हणजे काही कमी वय नाही.

गिरिजा वरण ढवळता ढवळता म्हणाली, "चार दिस झाले, त्या पेनाला नुसतं उघडून लावून राह्यले. ठेवून घेनार का?"

"विचार चालू आहे."

"काझीसाबाला काय सांगनार?"

मी पेन बटव्यात घातला. तिला निबमधलं काही कळत नाही. पण विचारलं बरोबर तेच.

९ फेब्रुवारी, रविवार

घनसावंगीला गेलो. पाशामियाँ मशिदीत होते. मुद्दाम ती वेळ धरली.

आपांना म्हटलं, "आपा, मला उर्दू लिहायला शिकवा."

त्यांनी चष्मा वर केला. "आता? कशाला?"

"निब तपासायची हाय. माझ्या हातानं लिहिल्याबिगर मला कळत न्हाई."

"मंग कळलं म्हणायचं तुम्हाला."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुम्ही नाव लिहून दाखवलं तेव्हाच. चाळीस वर्षं पोरांच्या निबा बघितल्या मी."

"मंग बोलला का न्हाई?"

"बोलले की. तुम्ही म्हणालात, बनवला मी." मग म्हणाल्या, "अन लोकं हात थरथरतो म्हणून राह्यले तवा ह्यांना म्या सांगितलं, पेन बिघडलाय. तर हे म्हणतात, कडूबानं हात लावल्यावर बिघडंल कसा? मंग मी गप. मानूस ज्याच्यावर इतका भरवसा ठेवतो त्याचं नाव कशाला खराब करू?"

यावर मी पाणी प्यालो. मग त्यांनी पाटी आणली. पाटी, खडू. बावन्न वर्षांच्या माणसाला. पहिलं अक्षर अलिफ, ती उभी रेघ, ते जमलं. दुसरं बे, म्हणजे उजवीकडून डावीकडं पसरट होडी आणि खाली ठिपका. माझी होडी उलटी व्हायची.

"हात सोडा. लेथ न्हाई हे," आपा म्हणाल्या. "दाबून धरतो कोण, तुम्ही का ते?"

दीड तासात बे अठ्ठावन्न वेळा. त्यातले चार बरे.

१३ फेब्रुवारी

रोज दुपारी जीपनं जातो, एक तास शिकतो. अक्षर नाही, हाताची चाल शिकतोय. नंबर दोनशे आठच्या निबवर आधी तालीम करतो. ती घासून फुकट गेली. दोनशे सातही गेली. दोनशे पाच जमली: डावी कड गोल, पण सपाट नाही, पोटाकडून वर चढती. पाशामियाँच्या निबला तसा चढ होता का, मला आठवत नाही. मी बघितलं तेव्हा फक्त खराबी बघितली.

पाशामियाँना अजून सांगितलेलं नाही. आज ते घरी होते, मी पाटी घेऊन बसलेलो. त्यांनी एक नजर टाकली, म्हणाले, "बे का पेट जरा भरके लिखो," आणि आत गेले. कशासाठी शिकतोय ते त्यांनी विचारलं नाही. मला वाटतं त्यांना वाटलं असावं, मला नाद लागलाय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नंबर तीन घासला. एका वेळी आठ घासे, मग धुऊन, पुसून, भिंग, मग दहा वेळा बे. पुन्हा आठ. सकाळी नऊ ते दुपारी दोन. दार लावून घेतलं होतं, अकिबनं दोनदा हाक मारली, ओ दिली नाही. एकूण छप्पन घासे. शेवटच्या बे ला आवाज आला नाही. मी आणखी चाळीस लिहिले. फाटला नाही, उडाला नाही.

मग माझं नाव लिहिलं. शिरोरेषा जाड आणि मऊ आली, कापल्यासारखी नाही. आता हा पेन माझ्या हाताला चालणार नाही. तो ज्याला चालायला पाहिजे त्याला चालेल.

दाणा उरलाय कागदाच्या जाडीचा. पुढच्या वेळी कोणीही, मी धरून, या निबला हात लावायचा नाही. तसं चिठ्ठीवर लिहून बटव्यात घातलंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

टपरीवर गेलो. अकिब होता, आणखी पाच-सहा जण. मी म्हटलं, "साजियाच्या निकाहनाम्यावर कागद फाटला तो काझीसाबांच्या हातानं न्हाई. निब मी चुकीची घासल्ती."

अकिब म्हणाला, "म्हणजे चाचाचा हात ठीक हाय?"

"एकदम ठीक."

"अन तुम्ही चुकले?"

"हो."

"तुम्ही?" तो हसायला लागला. "हे काय मी घरी जाऊन सांगितलं तर खरं कोण मानंल? लिहून द्या."

"देतो," मी म्हटलं. कागद मागवला, टपरीच्या फळीवर ठेवून लिहिलं, माझ्या नेहमीच्या पेनानं: दि. १६ जानेवारी रोजी मी खाली सही करणार याने मा. पाशामियाँ, नायब काझी, यांच्या पेनाची निब त्यांना न विचारता देवनागरी वळणाने घासली. उर्दू लिहिताना कागद फाटण्याचे कारण ते. त्यांच्या हातात कोणताही दोष नाही. पकडीबद्दल मी २७ जानेवारीस याच ठिकाणी जे बोललो ते चूक. सही, तारीख, वेळ सकाळी नऊ चाळीस.

अकिबचं हसू मध्येच थांबलं. त्यानं ते दोनदा वाचलं, मोबाईलवर फोटो काढला आणि त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत तो फोटो तालुकाभर. संध्याकाळी एका ऊसवाल्यानं बुश न्यायला येऊन विचारलं, "हे तरी बराबर घासलं का?" मी बुश त्याच्या हातात दिला आणि व्हर्नियर पण दिलं. मोजून घे म्हटलं. मोजलं त्यानं. शून्य पॉइंट शून्य एकचा पण फरक नव्हता.

एकदा बिघडलं म्हणून हात गेला असं होत नाही. हे त्यांच्या हाताला लागू आहे आणि माझ्या पण.

१७ फेब्रुवारी

पेन पाशामियाँना नेऊन दिला. त्यांनी फोटो आधीच बघितला होता, हारुननं दाखवला. मी सांगायला सुरुवात केली तर हात वर करून थांबवलं. कागद ओढला, एक ओळ लिहिली. मग अख्खं पान लिहिलं, न थांबता. मी वाकून निबचा आवाज ऐकत होतो. काहीच ऐकू आलं नाही.

"मी काय म्हणत होतो बेगम," ते आतल्या खोलीकडे बघून म्हणाले. "कडूबा हात लावंल तर बिघडंल कसा?"

"बिघडल्ता," आतून आवाज आला.

"मंग दुरुस्त पण त्यानंच केला ना?"

रजिस्टर हारुनला द्यायचं काय झालं, ते मी विचारलं. म्हणाले, रविवारी ये, कळंल.

२३ फेब्रुवारी, रविवार

रमजानच्या आधीचा शेवटचा मोठा निकाह, घनसावंगीतच. मी मंडपात मागं बसलो. हारुन पाशामियाँच्या शेजारी, खिशाला बॉलपेन लावून तयार. आजूबाजूचे दोन-तीन म्हातारे मुद्दाम पुढं सरकून कागदाकडे बघत होते, आणि दुल्ह्याचा मामा तर मान लांब करून.

पाशामियाँनी टोपण काढलं. सव्वा फेरी, मी लांबून मोजली. नवरीचं नाव, बापाचं नाव, मेहेर, साक्षीदार. तीन प्रती. मान वर केली नाही, हात कुठं अडला नाही. शेवटी शाई वाळेपर्यंत थांबले, कागद मामाकडं सरकवला आणि म्हणाले, "देख लो मियाँ, साफ है ना?"

मामानं मान हलवली. हारुननं खिशातला बॉलपेन काढून पिशवीत टाकला. मी जेवायला थांबलो नाही. पोरं खुर्च्या उचलत होती तेव्हा जीप मिळाली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाशामियाँनी बोलावणं पाठवलं म्हणून पुन्हा गेलो. ओसरीवर खाट टाकून बसले होते. पेन त्यांच्या हातात. त्यांनी विचारलं, "कडूबा, खरं सांग. जानेवारीत तू सर्व्हिसिंगला आल्ता, का हा न्यायला?"

"सर्व्हिसिंगला," मी म्हटलं.

आपा दारात गहू निवडत होत्या. म्हणाल्या, "लेक दिल्यावर बाप असा दर आठवड्याला सासरी येऊन बसत असतो का? टोपण लावायचं, काढायचं, लावायचं. मी बघितलं ना."

मी म्हटलं, "आपा, आटे तपासत होतो."

"तपासा, तपासा," त्या म्हणाल्या.

मग पाशामियाँनी पेन माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं मिटली. म्हणाले, ऐक. तुला माझी निब आता पाठ झाली. ह्याच मापाचा नवा कर, ह्याच घासणीची निब लाव, मी त्याच्यावर लिहीन. हा तुझा पहिला चांगला पेन, तू घेऊन जा. चूक झाली ती झाली, तिचा याच्याशी संबंध नाही, मी राजीखुशीनं देऊन राह्यलो.

त्यांना ते जमलं असतं. माझं काम मला माहीत आहे, दोनशे पाचवर मी तीच कड काढली होती, नवा पेन त्यांना महिन्याभरात हाताला बसला असता. कोणाचंही नुकसान नव्हतं. गिरिजा पण म्हणाली असती, आणा. आणि मला तो पाहिजे होता, हे आता इथं लिहायला हरकत नाही. ५ जानेवारीच्या पानावर जे लिहिलंय ते खोटं आहे. खोडत नाही, राहू दे, पण खोटं आहे. सुमित अरेरे म्हणाला तेव्हा मला वाईट वाटलं होतं.

तरी मी बोटं उघडली आणि पेन त्यांच्या बटव्यात घातला. म्हटलं, "काझीसाब, चालता पेन मी परत घेत न्हाई. बंद पडला तर बघू. पण तो मी केलाय, तो बंद पडत न्हाई."

नोंद राहावी म्हणून त्यांनी देऊ केलेलं नीट लिहितो: नंबर तीन परत, त्याच्या बदल्यात मी एक नवा पेन द्यायचा, आणि त्या नव्याचे म्हणून त्यांनी मला वर रोख अडीच हजार रुपये द्यायचे.